भुताने खुलासा का करावा?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत नुकतेच एका नव्या भयकथासंग्रहाचे परीक्षण प्रसिद्ध झाले. ‘रात्री एकट्याने वाचू नये’ अशी त्यात केलेली भलामण वाचून मी ते पुस्तक मुद्दाम मिळवले आणि घरात कोणी नसताना, रात्रीच वाचायला घेतले. चौदा कथा दोन रात्रींत संपल्या आणि दोन्ही रात्री मला गाढ झोप लागली. भयकथेच्या वाचकाची याहून मोठी तक्रार असू शकत नाही, म्हणून हे पत्र.

लेखकाला लिहिता येत नाही, असे मुळीच नाही. चौथ्या कथेत एकटा राहणारा एक गृहस्थ सकाळी दात घासायला जातो, तेव्हा आपला ब्रश आधीच ओला असल्याचे त्याच्या लक्षात येते. तो ब्रशवरून अंगठा फिरवतो, नळ गळतो आहे का ते पाहतो आणि स्वतःच्या विसराळूपणाला हसतो. त्या रात्री तो ब्रश कपाटात ठेवून कुलूप लावतो. सकाळी कुलूप जसेच्या तसे असते आणि ब्रश ओला. इथे माझ्या अंगावर खरोखर काटा आला. कथा इथेच, फार तर आणखी एका परिच्छेदात संपायला हवी होती. पण पान उलटताच इमारतीचा म्हातारा रखवालदार अवतरतो आणि आधीच्या भाडेकरूने कोणत्या खोलीत, कोणाच्या छळाला कंटाळून जीव दिला, याचा पंचनामा साडेतीन पाने ऐकवतो. तो संपेपर्यंत ब्रश केव्हाच वाळलेला असतो.

हाच रखवालदार कुठे निवृत्त शिक्षक, कुठे घरातला जुना नोकर, तर कुठे शेजारची आजी होऊन एकूण आठ कथांत हजेरी लावतो (मी मोजले). भुताची सगळी कर्मकहाणी कळली की ते भूत राहत नाही, न्याय मागायला आलेला अर्जदार होते. त्याची कीव येते, भीती वाटत नाही. डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्ज यांच्या १९०२ सालच्या ‘द मंकीज पॉ’ या कथेत यंत्रात सापडून मेलेल्या मुलाला आईच्या हट्टाखातर बाप इच्छा पुरवणाऱ्या माकडाच्या एका मंतरलेल्या पंजाकडून परत मागतो, दारावर थापा पडू लागतात, आणि आई अडसर काढेपर्यंत बाप शेवटची इच्छा मागून मोकळा होतो. दार उघडते तेव्हा समोर दिव्याच्या उजेडातला निर्मनुष्य रस्ता असतो. थापा कोण मारत होते, ते आपण पाहत नाही, आणि म्हणूनच ते आजवर डोळ्यांपुढून हलत नाही. आपल्या संग्रहकाराने ही कथा लिहिली असती, तर त्या मुलाला आत बोलावून खुर्चीवर बसवले असते आणि त्याच्या जखमांचे वर्णनही केले असते. तशी वर्णने दोन कथांत आहेत. त्यांनी किळस येते, इतकेच.

वाचकाला शेवटी सगळे उलगडून हवे असते, असा बचाव केला जाईल. तो रहस्यकथेच्या बाबतीत खरा आहे, कारण तिथे प्रत्येक धाग्याचा हिशेब लागावा असा लेखक-वाचकांचा करारच असतो. भयकथेत मात्र हिशेबात न बसणारे काहीतरी उरावे लागते. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्या कथांवर पोसलेल्या मराठी वाचकाला हे नव्याने शिकवण्याची गरज नसावी.

दुसरा दोष संग्रह म्हणून अधिक जाणवतो. कथेतील प्रत्येक शब्दाने आधीच ठरवलेल्या एकाच परिणामाकडे जावे, असे अमेरिकी कथाकार एडगर अॅलन पो यांनी १८४२ मध्ये लिहिले होते. पण तोच परिणाम त्याच युक्तीने पाच वेळा साधायचा म्हटला, तर पाचव्या वेळी काय उरणार? निवेदक स्वतःच मेलेला असल्याचा उलगडा पाच कथांच्या शेवटी होतो. यातली एखादी कथा मासिकात सुटी वाचली असती, तर मीही दचकलो असतो. इथे मात्र नववी कथा सुरू होताच, निवेदकाला चहा विचारायलाही कोणी येत नाही हे पाहून मी त्याला मनातल्या मनात श्रद्धांजली वाहिली. ही पुनरावृत्ती लेखकाच्या नाही तरी संपादकाच्या नजरेला पडायला हवी होती. शेवटच्या ओळींतली ओळीने तीन-तीन उद्गारचिन्हेही त्याच नजरेतून सुटली आहेत.

परीक्षणात यातल्या एकाही गोष्टीचा उल्लेख नसावा, याचे नवल वाटते. पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघालीच, तर ओल्या ब्रशची कथा शेवटची साडेतीन पाने गाळून छापावी, एवढी विनंती आपल्या वृत्तपत्राद्वारे लेखकापर्यंत पोहोचवावी. त्या कथेसाठी मी पुस्तक पुन्हा विकत घेईन.

आपला,
एक नियमित वाचक