शिट्टी आणि मिठी

तीर्थरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, हे पत्र खरं तर तुम्हाला आहे. फोन वाजला की तुम्ही तो आईकडे देता, म्हणून लिहायला बसले. आई, तूही वाच.

गड्ड्याच्या जत्रेतल्या गर्दीत छोटी तुम्हाला म्हणाली, "आजोबा, शिट्टी." तुम्ही खाली बसलात आणि तिला मिठी मारलीत. तिने पुन्हा शिट्टी मागितली, तुम्ही आणखी घट्ट धरलंत. ती हिरमुसली. काहीतरी चुकलं एवढं तुमच्या लक्षात आलं, काय ते कळलं नाही. तुमचा तो चेहरा माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

इथे पुण्यात तुमचे कान तपासले, तेव्हा डॉक्टरांनी आलेख दाखवला होता. तुम्ही तो घडी करून खिशात टाकलात आणि म्हणालात, "वय झालं." नाही बाबा. आलेखाची रेघ चार हजार हर्ट्झपाशी खड्ड्यात जाते आणि पुढे थोडी वर येते. दोन्ही कानांना सारखीच. वयाने ऐकू येईनासं झालं तर रेघ उतरतच जाते. हा खड्डा वर्षानुवर्षं मोठ्या आवाजात राहिलेल्या कानांचा असतो. आतल्या बारीक केसांसारख्या पेशी मरतात आणि पुन्हा उगवत नाहीत. आधी बारीक, उंच आवाज जातात. स, श, फ, ट यांची धार जाते, स्वर मात्र पोचतात. तुम्ही म्हणता ना, "आवाज येतो, शब्द येत नाही", ते हेच. शिट्टीतली 'ई' पोचली, 'श' पोचला नाही.

मागे सोलापूरला आले तेव्हा तुमचा डबा द्यायला अक्कलकोट रोडला यंत्रमागाच्या शेडवर गेले होते. दारातच उभी राहून मोबाईलवर आवाज मोजला. आकडा शंभराच्या आसपास हलत होता. मोबाईलचं माप काही पक्कं नसतं, पण कारखान्यांच्या नियमात नव्वद डेसिबलला आठ तास, पंच्याण्णवला चार आणि शंभरला दोनच तास धरलेत. तुमची पाळी बारा तासांची! कानाला लावायचं काही मालकाने कधी दिलं नाही, तुम्हीही कधी मागितलं नाही. आवाजाने येणारं बहिरेपण कायद्याने कामामुळे होणाऱ्या रोगांत धरलंय. टॉवेल आणि चादरी जगभर गेल्या, त्यांच्या पायी तुमचे कान गेले. त्याला तुम्ही म्हातारपण म्हणता, याचाच मला राग येतो.

आजोबांच्या वेळी अख्खं सोलापूर जुन्या मिलच्या भोंग्यावर उठायचं, असं तुम्हीच सांगायचात. १८७७ ची मिल. त्या भोंग्यावर लोक घड्याळ लावायचे, बायका चुली पेटवायच्या. मिल बंद पडल्या आणि माग घराघरांत, पत्र्याच्या शेडमध्ये आले. मग भोंग्याची गरजच उरली नाही. आमच्या गल्लीत खटखट थांबली की बाळं रडत उठायची, कारण वीज गेलेली असायची.

त्या आवाजातच सगळी माणसं एकमेकांशी बोलायची. तुमच्या शेडमध्ये तेलुगू, कन्नड, उर्दू, मराठी सगळं चालायचं आणि तुम्ही ते ओठांवरून वाचायचात. धागा तुटला, कांडी संपली, मुकादम आला, प्रत्येकाची खूण ठरलेली. चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी मला उभं करून तुम्ही नावं वाचून दाखवायचात: मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन. १२ जानेवारी १९३१ ला एकाच दिवशी येरवड्यात फाशी गेलेले चौघे. तुम्ही म्हणायचात, "नावं बघ. चौघं चार घरचे, आणि गाव एकच." आमच्या गल्लीतही ओट्यावर शेजारी बसलेल्या दोघींची घरातली भाषा एक नसायची. मला ते कधी वेगळं वाटलंच नाही. पुण्यात आल्यावर कळलं की सगळीकडे तसं नसतं.

आई, तुझ्याबद्दलही बोलायचंय. तू मोठ्याने बोलतेस म्हणून इथल्या शेजारणी तुला भांडकुदळ समजल्या. मीही तुला दोनदा "हळू बोल" म्हणाले. तीस वर्षं बाबांपर्यंत पोचायला तू आवाज चढवत आलीस, हे मला तेव्हा सुचलं नाही. माफ कर. आणि तू तरी स्वतःकडे कधी बघितलंस? मांडीवर सूप, पानं कापून, तंबाखू भरून, दोरा गुंडाळून रोज हजार विड्या, त्याही मान खाली घालून. मी शाळेतून आले की विड्यांची तोंडं मुडपायला बसायचे, तेवढ्यात तू चहा टाकायचीस. तुझी दिवसातली विश्रांती तेवढीच. तुझ्या मानेचं आणि खोकल्याचं आता मी ऐकणार नाही. पुढच्या महिन्यात येते, तेव्हा दोन्ही दाखवू.

बाबा, कानाचं यंत्र कपाटात डबीत पडलंय, हे आईने सांगितलं. लोक म्हातारा म्हणतील असं वाटतं ना? कोणी विचारलं तर सांगा, मागावर गेलेत कान. लाजण्यासारखं त्यात तुमच्या बाजूने काही नाही. सुरुवातीला भांडी, पंखा, रिक्षा सगळं अंगावर येईल. मेंदूला सवय व्हायला काही आठवडे लागतात. पहिले काही दिवस घरातच, तासभर लावा. मागावर जाताना मात्र काढून ठेवा. तिथे मी पाठवलेले फोमचे बोळे घाला. कानात घालताना ते वळून बारीक करायचे, मग आत फुगतात. कापसाने आवाज अडत नाही. सहा जोड जास्त पाठवलेत, तुमच्या शेजारच्या मागावर नवीन लागलेल्या पोरालाही द्या. त्याचे कान अजून शाबूत आहेत.

रविवारी सकाळी नऊला फोन करते. छोटीला तुमच्याशी बोलायचंय. यंत्र लावून बसा, आणि फोन तुम्हीच उचला.

तुमची लेक