गल्ली मोकळी झाली, खायचं कुठे? नगरविकास मंत्र्यांना खुले पत्र

मा. नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

स. न. वि. वि.

मुंबईतल्या एका स्टेशनाबाहेरची खाऊची गल्ली गेल्या आठवड्यात ‘मोकळी’ करण्यात आली. वेळ संध्याकाळी साडेसहाची, म्हणजे ऐन गर्दीचा घाणा कढईत असताना. शेगड्या आणि सिलिंडर ट्रकवर चढले, कालवलेलं बेसन आणि बटाट्याचं सारण गटारात गेलं, लाद्याच्या लाद्या पाव फुटपाथवर पडले. आधी नोटीस नाही, जप्तीची यादी नाही. दुसऱ्या दिवशी त्याच जागेवर मोटारी लागल्या, त्या अजून तिथेच आहेत. त्यांना कुणी काही विचारल्याचं दिसत नाही.

आपल्यामागे कामं फार, म्हणून कायद्याची आठवण थोडक्यात करून देतो. पथविक्रेता कायदा १ मे २०१४ रोजी लागू झाला. महाराष्ट्र दिनीच, योगायोग बघा. त्यात लिहिलंय की विक्रेत्यांचं सर्वेक्षण पुरं होऊन विक्रीची प्रमाणपत्रं त्यांच्या हातात पडेपर्यंत कुणालाही उठवायचं नाही. नंतरही उठवायचं तर ३० दिवसांची नोटीस. माल जप्त केलाच तर सहीची यादी द्यायची. नाशवंत माल मागितल्या दिवशीच परत करायचा, बाकीचा कामाच्या दोन दिवसांत. गटारात ओतलेलं बेसन त्याच दिवशी परत कसं करतात, हे खात्याने एकदा प्रात्यक्षिकासह दाखवावं.

आता मुद्द्याचं. शहरात स्वस्त आणि चांगलं खाणं शोधायला ॲप लागत नाही, दहा मिनिटं बाजूला उभं राहावं लागतं. आधी परात बघायची. तळून ठेवलेल्या वड्यांचा डोंगर असेल तर पुढे चालू लागायचं. दहा-बारा वडे उतरले आणि दुसरा घाणा पडायच्या आत संपले, तर थांबायचं. मग तेल. ताज्या तेलात वडा सोडला की मोठे बुडबुडे येतात आणि विरतात. म्हाताऱ्या तेलावर बारीक फेस येतो आणि तो बसतच नाही, धूरही लवकर सुटतो. बेसनाचा चुरा तळाशी जळून काळा होतो, म्हणून चांगला गाडीवाला प्रत्येक घाण्यानंतर बारीक जाळीचा झारा फिरवून चुरा काढतो. चटणी लहान भांड्यात, झाकलेली आणि पुन्हा पुन्हा भरलेली हवी. बादलीतली चटणी सकाळची असते. पाव समोर चिरला जातोय का, कडा कोरड्या आहेत का, पैसे घेणारा हात आणि पाव भरणारा हात वेगळे आहेत का, तेही बघायचं. सरबताच्या गाडीवर बर्फाचा रंग. खाण्याचा नसलेला बर्फ निळा असावा, हा नियम राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ साली केला. पण निळा नाही म्हणजे खाण्याचाच, असं कुणी धरून चालत नाही. गिऱ्हाइकं साहेबांइतकी भाबडी नसतात.

यातली प्रत्येक गोष्ट एकाच अटीवर टिकते. गाडी रोज त्याच जागी, त्याच वेळी उभी हवी. तरच खप ठरतो, खपाच्या अंदाजाने पाव येतात, बेसन तेवढंच भिजतं, तेल वेळेवर बदलतं. पळावं लागणारा माणूस काय करतो? घरूनच वडे अर्धे तळून आणतो आणि इथे फक्त परत बुडवतो. असा वडा जास्त तेल पितो आणि आत गारच राहतो. कालचं तेल टाकायला जीव होत नाही, कारण नव्या तेलाचा पैसा परवाच्या दंडात गेलेला असतो. तेल पुन्हा पुन्हा तापून त्यात तयार होणारी ‘टोटल पोलर कंपाउंड्स’ २५ टक्क्यांच्या वर गेली की ते वापरायचं नाही, हा नियम १ जुलै २०१८ पासून आहे. उत्तम नियम. पण गाडी उचलली जायच्या धास्तीत तेल मोजणार कोण?

पाण्याचंही तेच. नळ नाही, म्हणून वीस लिटरचा कॅन आणि एक बादली. शंभर ताटल्या त्याच बादलीत बुचकळायच्या, मग आपल्याच सरकारचा अधिकारी येऊन म्हणणार, अस्वच्छता आहे. व्यावसायिक सिलिंडर भरलेला १९ किलो गॅसचा, वर लोखंडाचं वजन. तो घेऊन पळून दाखवा. शिवाय कनेक्शनला पत्ता लागतो, आणि पत्ता म्हणजे तेच प्रमाणपत्र, जे आपण देत नाही. मग घरगुती सिलिंडर येतो, आणि तोच पुढे जप्तीचं कारण होतो. अडचण आपणच तयार करायची, दंड आपणच लावायचा, पावती मात्र दर वेळी मिळेलच असं नाही. हप्त्याचं मी लिहीत नाही. पत्र लांबेल.

आकडे बघा. शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेते सामावून घ्या, असं कायदा म्हणतो. २०११ च्या जनगणनेत मुंबई सव्वा कोटीच्या आसपास, म्हणजे हिशोब तीन लाखांवर जातो. २०१४ च्या सर्वेक्षणात अर्ज आले ९९ हजारांच्या घरात. विक्रेत्यांचे प्रतिनिधी असलेल्या शहर फेरीवाला समितीच्या निवडणुकीला मतदान झालं २०२४ मध्ये, मतदार यादीत साधारण ३२ हजार. सर्वेक्षण दर पाच वर्षांनी व्हायचं असतं. दोन-तीन लाख माणसं कागदावरून गेली कुठे? गेली कुठेच नाहीत, आम्हाला रोज खायला तेच घालतात.

आणि खाणारे कोण? कॉट बेसिसवर, म्हणजे फक्त खाटेचं भाडं भरून राहणारी, चूल नसलेली पोरं. बारा तासांची ड्युटी करणारे वॉचमन. दुसऱ्यांची पार्सलं पोचवणारे, ज्यांना स्वतःचं जेवण मागवणं परवडत नाही. उंच इमारतींतल्या फूड कोर्टचा रस्ता आम्हाला दाखवू नका. तिथे पाण्याच्या बाटलीतच आमच्या वडापावाचे पैसे संपतात.

२०२३ मध्ये केंद्राने देशभरात १०० ‘फूड स्ट्रीट’ जाहीर केले, प्रत्येकी एक कोटी. त्या पैशांतून फरशा, दिवे, जाहिरातफलक वगैरे. फलक वाचून पोट भरत असतं तर आपल्या राज्यात एकही माणूस उपाशी राहिला नसता. कोटी राहू द्या. प्रत्येक गल्लीला दोन नळ, सांडपाण्याला जाळी, ओल्या कचऱ्याची गाडी रात्री अकराला, आणि दर हातगाडीला एक मीटर बाय एक मीटर जागा रंगाने आखून. एका मोटारीच्या जागेत अशा सहा गाड्या सहज बसतात. पण मोटार ‘पार्क’ होते आणि हातगाडी ‘अतिक्रमण’ करते. हे व्याकरण कुणी शिकवलं, तेवढं एकदा कळवा.

ज्यांचं सामान नेलं त्यांना यादी द्या, शेगड्या परत करा, सर्वेक्षणाची तारीख जाहीर करा. आणि स्वतः बघायला यायचं असेल तर साडेपाचच्या पहिल्या घाण्याला या, कुणालाही न कळवता. मंत्री येणार असं कळलं, की गाड्या आदल्या दिवशीच उचलतात.

आपला,
उभ्याने खाणारा एक मुंबईकर