हँडलाला बांधू नको

वरुड तालुका,
पोळ्याच्या चार दिवस आधी

चि. बाई,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला फोटो काल रात्री आईच्या फोनवर मोठा करकरून पाहिला. ट्रेलर झकास रंगवला आहेस. वर दोन्ही एटीव्ही, त्या जाड टायरच्या चारचाकी फटफट्या, ऐटीत उभ्या, आणि दोन्हींच्या हँडलाला पिवळी नायलॉनची दोरी, दावणीच्या गोऱ्ह्याला बांधतो तशी. आई म्हणाली, "पोरीचा फोटो पाहून तोंड काहून पाडता?" म्हटलं, पोरगी मस्त आहे, गाठ वाईट आहे.

फोनवर सांगायला गेलो तर तू "हो बाबा, करते" म्हणून ठेवून देशील. म्हणून लिहितो. या गाड्यांना रस्त्याचं पासिंग नाही, तेव्हा अमरावतीहून चिखलदऱ्याला न्यायच्या तर ट्रेलरवरूनच न्याव्या लागणार. वलगाव, आसेगाव, परतवाडा इथपर्यंत रस्ता सपाट आहे. पुढे घाट लागला की चढावर सगळा भार मागे ओढतो, वळणावर बाहेर जातो आणि उतरताना ब्रेक मारलास की पुढे येतो. परवा तू म्हणालीस, "तीनशे किलोचं धूड आहे बाबा, ते कुठं जातं?" जातं, बाई. लो-बेडवर, म्हणजे यंत्रं वाहायच्या बुटक्या ट्रेलरवर, होतो तेव्हा एक दिवसाचं ट्रेनिंग झालं होतं. मास्तरांनी युरोपातला हिशेब फळ्यावर मांडला: जोरात ब्रेक लागला की माल पुढे वजनाच्या 80 टक्के जोर करतो असं धरायचं, बाजूला आणि मागे 50 टक्के. म्हणजे तुझं तीनशे किलोचं धूड 240 किलोनं पुढे रेटणार. ते अडवायला हँडलाची एक गाठ!

माझ्या हातून एकदा काय झालं ते तुला कधी सांगितलं नाही. तू बालवाडीत होतीस. मोर्शीच्या अलीकडच्या एका संत्र्याच्या बागेतून छोटा ट्रॅक्टर उचलायचा होता. पाऊस होऊन गेलेला, चाकांना काळ्या मातीचा दोन बोटं थर. मी आणि क्लीनरनं दोर चाकांवरून घेऊन असे आवळले की वाजवले तर तुणतुण्यासारखे वाजावे. निघालो. वारा लागला, ऊन पडलं, माती वाळली आणि ढेकूळ ढेकूळ होऊन रस्त्यात गळत गेली. दोर होते तसेच होते, पण खालची दोन बोटं माती गेली ना! एका गावाच्या ब्रेकरवर मागचा हूक उडाला, ट्रॅक्टर हातभर सरकला आणि फालक्याची, म्हणजे मागच्या झडपेची, कडी तोडून त्याचं एक चाक बाहेर लोंबायला लागलं. मागे एक बंडी होती. म्हातारबानं कासरा ओढून बैल थांबवले, लोंबणाऱ्या चाकाकडे पाहिलं आणि मला म्हणाले, "बाप्पा, तुह्या ट्रॅक्टरले घरी जायची घाई हाय काय?" मालकानं फालक्याचे पैसे माझ्या पगारातून कापले. मला ते पैसे आठवत नाहीत, बैलांच्या कपाळापासून त्या चाकाचं अंतर आठवतं.

तेव्हा पहिलं काम म्हणजे गाड्या धुणं. निदान चाकं आणि खालचा सांगाडा तरी. माती असली की हुकाची जागाही दिसत नाही, आणि तिची कच पट्ट्यात शिरून धागे कापते.

दोरी फेकून दे. नायलॉन ताणतं, ओलं झालं की आणखी ताणतं. पॉलिस्टरचे रॅचेटवाले, म्हणजे दांडक्यानं खटखट आवळायचे, पट्टे घे, एका गाडीला चार, म्हणजे आठ, आणि दोन जास्तीचे. दुकानदार मोठा आकडा सांगेल, तो पट्टा तुटण्याचा असतो. कामाचा आकडा त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा धर. पंधराशे किलो म्हणाला तर पाचशे समज. लेबल नसलेला, कडेला कातरलेला किंवा उन्हानं पांढरा पडलेला पट्टा फुकट दिला तरी घेऊ नको. हूक घेशील तो तोंडाला झाकणारी जीभ असलेला घे. उघडा हूक पट्टा ढिला पडला की कडीतून उडी मारतो, माझा तसाच गेला.

आता हँडलाचं. हँडल फिरतं आणि वाकतं. सामान ठेवायची जाळी त्याहून कच्ची, तिला तर हातच लावू नको. हूक चेसिसला अडकव, पुढे दोन, मागे दोन. प्रत्येक पट्टा आपल्या कोपऱ्याकडे बाहेर तिरपा गेला पाहिजे, साधारण 45 अंशात, म्हणजे पुढचे दोन गाडीला पुढे ओढतील, मागचे दोन मागे, आणि चौघं मिळून तिला खाली दाबतील. एकच लांब पट्टा दोन्हीकडून फिरवून काम भागवू नको. तो एका जागी सुटला की सगळाच सुटतो.

चेसिसला बांधताना शॉकअप थोडे दबू दे. मोकळे सोडलेस तर खड्ड्यात गाडी खाली बसते, पट्टा क्षणभर सैल होतो आणि हुकाला तेवढा क्षण पुरतो. पण पार तळापर्यंतही दाबू नको, सील फुटतात. रॅचेटच्या दांडक्यात पाइप घालून आवळायची सवय आपल्याकडे लई आहे, ती तू लावून घेऊ नको, हाताचा जोर पुरतो. पट्टा गुंडाळतो त्या रॅचेटच्या रिळावर त्याचे दोन-तीन वेढे बसले पाहिजेत. एकच असला तर घसरतो, फार झाले तर रॅचेट अडकतं. उरलेलं शेपूट बांधून टाक, चाकात गेलं तर ओढून घेतं. पट्टा वाऱ्यात भुणभुण करत असेल तर त्याला अर्धा पीळ दे, गप्प बसतो.

हँडब्रेक ओढ, गिअरमध्ये किंवा पार्कमध्ये ठेव, पेट्रोलचा कॉक बंद कर. चाकांना पुढून-मागून गुटके लाव.

चढवताना मात्र मला खरी भीती वाटते. तुझ्या फोटोत फळी नुसती टेकवलेली दिसते. मागचं चाक फिरलं की ते फळीला मागे फेकतं आणि गाडी चालवणाऱ्यासकट खाली येते. फळीला साखळी लाव, ट्रेलरला बांध. आणि ट्रेलर आधी जीपला जोड, मग चढव. आजोबांची बंडी आठव. मागे भार झाला की बंडी उलाळ व्हायची, जू वर उचललं जायचं आणि बैलांच्या गळ्याला जोतं काचायचं. सुट्या ट्रेलरच्या मागच्या टोकावर तीनशे किलो चढले की दांडी तशीच आभाळाकडे जाते. जोडल्यावरही भार थोडा पुढेच हवा. ट्रेलर आणि माल मिळून हजार किलो असेल तर दांडीवर 100 ते 150 किलो यावा, डीएपीच्या दोन-तीन बॅगांएवढा. मागे जास्त झाला की वेग वाढताच ट्रेलर शेपटी हलवायला लागतो. तसं झालं तर ब्रेकवर उभी राहू नको, रेस सोड, स्टिअरिंग सरळ धर.

जोडणीची पिन आणि दांडीखाली फुलीसारख्या टाकलेल्या दोन्ही साखळ्या निघण्याआधी स्वतः हात लावून बघ. ड्रायव्हर "लावल्या ताई" म्हणाला तरी.

निघाल्यावर पहिला थांबा वलगावला घे. लई लवकर वाटेल, पण पट्टे सगळ्यात जास्त सैल पडतात ते या सुरुवातीच्या पंधरा-वीस किलोमीटरमध्येच. एटीव्हीच्या टायरमध्ये हवा मुळातच कमी असते, त्यातली थोडी गेली की सगळी गाडी खाली बसते. दुसरा थांबा परतवाड्यात, घाटाच्या आधी. तिथं चहा घ्यायचाच आहे, तर आधी पट्टे, मग चहा.

ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबचे तुकडे कापून ठेवले आहेत. पट्टा जिथं लोखंडाच्या धारेवरून जातो तिथं खाली घाल. बाभळीचे आठ गुटके कालच तासून घेतले. दोन्ही मिळून उद्याच्या एसटीनं पाठवतो, कंडक्टर ओळखीचा आहे. वर आईनं शेवेचा डबा ठेवला आहे, तो गुटक्यांखाली चेपला असेल तर मला बोलू नको, तिनंच तसा भरला आहे.

बांधून झालं की निघायच्या आधी फोटो पाठव. गाड्यांचा नको, आठही हुकांचा. मी पाहून फोन करीन, तोवर चावी फिरवू नको.

तुझे,
बाबा