गोठ्याचे घर होण्याआधी

मु. पो. दापोली तालुका
कोजागरीचा दुसरा दिवस

चि. बाळ यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी ‘आई, आता ती भिंत पुरे’ असे म्हणून तू फोन ठेवलास, आणि मी बराच वेळ पडवीत तशीच बसून राहिले. फोनवर माझा आवाज चढतो, तू गप्प होतोस, आणि सांगायचे ते राहूनच जाते. म्हणून कागद घेतला. कंत्राटदाराला तू आगाऊ पैसे दिलेस हे ऐकून मला फार आनंद झाला होता, आणि नेमके तेच सांगायचे राहिले. वाटणीत मोठे घर तात्यांकडे गेले आणि आपल्या वाट्याला गोठा आला, त्या रात्री तुझे बाबा जेवले नव्हते. त्याच गोठ्याचे तू घर करतो आहेस. तू पाठवलेल्या नकाशाची मी दापोलीला जाऊन छापील प्रत काढून आणली आणि ती देव्हाऱ्याजवळ ठेवली आहे. माप न् माप तू स्वतः घेतलेस, हे मी शेजारपाजारी सांगून आले.

भिंतीबद्दल लिहायचे नाही असे ठरवून बसले आहे, तेव्हा आधी जमिनीचे सांगते. तीन पिढ्यांची गुरे त्या जमिनीवर बांधलेली आहेत. शेणामुताने ती माती खोलवर मुरलेली आहे, आणि नुसता कोबा करून वर फरशी बसवलीस, तर पावसाळ्यात खालची ओल वर चढेल, चिऱ्याला लोणा, म्हणजे क्षारांचा पांढरा थर, लागेल आणि रंगाचे पापुद्रे सुटतील. शाळेच्या जुन्या खोल्यांत हे मी वीस वर्षे पाहिले आहे. निदान दोन फूट माती काढून टाका आणि जांभ्याचे तुकडे व खडी घालून नीट चोपून घ्या. निघालेली माती फेकू नका, ती विहिरीकडच्या माडांना घाला. जमिनीला मधल्या नालीकडे उतार आहे, तो शेण धुण्यासाठी मुद्दाम ठेवलेला होता. नवी जमीन करताना तो काढून पातळी बघून घ्या. जोतेही एक हात वाढवता आले तर फार बरे होईल.

छपराबद्दल मला फारशी काळजी नाही. खांब आईनाचे आहेत, वासे बहुतेक किंजळाचे आहेत, आणि पश्चिमेच्या पाख्यावरची मंगलोरी कौले तर वादळानंतरची नवीच आहेत. प्रत्येक वासा हातोडीने ठोकून बघा. पोकळ आवाज आला की आत वाळवी आहे असे समजा. राहिलेल्या लाकडाला काजूच्या टरफलाचे तेल लावा. कंत्राटदार पत्रा घाला म्हणतो, ते ऐकू नकोस. आपल्याकडे वर्षाला 3000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि आषाढात त्या पत्र्याखाली तुझ्या चिमणीला झोप लागायची नाही.

चिमणीचे नाव निघाले आणि मी पुन्हा तिथेच आले. नकाशात तिचा पलंग तू मागच्या भिंतीला लावला आहेस.

बाळ, ती भिंत मातीच्या चिखलात बांधलेली आहे. तुझ्या आजोबांनी गोठा बांधला तेव्हा डोंगर तासून जागा केली, त्यामुळे मागची जमीन आतल्या जमिनीपेक्षा चार फूट उंच आहे आणि डोंगराचे सगळे पाणी त्या भिंतीच्या पाठीशी येऊन थांबते. तिच्यातली तिरकी भेग 11 डिसेंबर 1967 च्या पहाटेची, कोयनेच्या भूकंपातली, असे तुझी आजी सांगत असे. त्या पहाटे म्हशींनी दावी तोडली होती. पुढे 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आले. तू तेव्हा पुण्यात अडकला होतास आणि फोन बंद होते, त्यामुळे तुला हे कधी नीट सांगितलेच गेले नाही. गौरीला आणि तिच्या वासराला सोडवायला तुझे बाबा भर वाऱ्यात गोठ्यात गेले. कौले पत्त्यांसारखी उडत होती. त्यांनी वासरू उचलून आणले, गौरी त्यांच्या मागून आपोआप आली, आणि आम्ही सगळे तात्यांच्या पडवीत दाराला पाठ लावून बसलो. नंतर किती आठवडे वीज नव्हती, कौले मिळत नव्हती. ताडपत्री बांधायला ते एकाहत्तराव्या वर्षी माळ्यावर चढले आणि खाली आल्यावर म्हणाले, “मागची भिंत सरकली आहे, पावसाळा संपला की बघू.” तो पावसाळा संपला, पण भिंतीकडे बघायला ते राहिले नाहीत.

परवा मी ट्रंकेतून भिंत सरळ आहे का ते बघायचा त्यांचा पितळी ओळंबा काढला आणि तात्यांच्या धाकट्याला घेऊन गोठ्यात गेले. दोरा वर भिंतीपासून चार बोटे बाहेर धरला. खाली जोत्याशी अंतर तेवढेच होते, पण कमरेच्या उंचीवर दीडच बोट उरले. म्हणजे भिंत मधोमध अडीच बोटे आत आली आहे. कंत्राटदार म्हणतो त्याप्रमाणे दोन्ही बाजूंनी सिमेंटचा गिलावा केला तर ओल बाहेर पडायला वाव राहणार नाही, फुगवटा झाकला जाईल आणि आपल्याला तो दिसणार नाही, एवढेच होईल. आधी मागे चर खणून पाणी दोन्ही बाजूंना काढून द्या. मग वर तुळईला टेकू देऊन चार-चार फुटांचा तुकडा उतरवा आणि पुन्हा बांधा. चिरे तेच वापरता येतील, ते उत्तम आहेत. आतून चुन्याचा गिलावा करा. खर्च वाढेल हे मला कळते. माझ्या निवृत्तिवेतनातले काही साठले आहे, ते ताईला ठाऊक आहे. त्यावरून पुन्हा वाद नको.

हे सगळे एखाद्या वर्गाला शिकवावे तसे लिहून गेले, त्याबद्दल रागावू नकोस. तू शिकलेला आहेस, बांधकामातले तुला माझ्याहून अधिक कळते, आणि सूनबाईंनी स्वयंपाकघर पूर्वेला घेतले ते तर मला सुचलेच नसते. दहा वर्षांचा असताना गौरीच्या आईची अडलेली वेण तू बाबांबरोबर रात्रभर जागून सोडवलीस, आणि सकाळी हात धुऊन शाळेत आलास. मी तुला वर्गात पेंगताना पाहिले आणि उठवले नाही. तो मुलगा घर नीट बांधील याबद्दल मला शंका नाही. भीती वाटते ती भिंतीची.

कागदपत्रांचे थोडक्यात सांगते. सातबारा अजून सामाईक आहे, तेव्हा तात्यांची आणि आत्याची लेखी संमती कामाआधीच घे. तोंडी ‘हो’ वर विसंबू नकोस, वाटणीच्या वेळी काय झाले ते तुला माहीत आहे. ग्रामपंचायतीच्या नमुना 8 मध्ये, म्हणजे घरपट्टीच्या नोंदवहीत, ती वास्तू अजून गोठा म्हणूनच लागलेली आहे, ती राहते घर म्हणून लावून घे. लागतील त्या परवानग्या ग्रामपंचायतीत आधी विचार.

एक मागणे आहे. दावणीच्या टोकाचा खांब तासू नका. दाव्याने घासून त्याला जी गोल खाच पडली आहे, तिच्यात तुझे बोट बसत असे. आता चिमणीचे बसेल. गव्हाणीच्या काठाचा चिरा गुरांच्या मानांनी इतका गुळगुळीत झाला आहे की हात फिरवला तर दगड वाटत नाही. तो उंबऱ्याला घेता आला तर बघ.

दिवाळीनंतर काम सुरू करून मृगापूर्वी छप्पर पुरे व्हायला हवे, म्हणजे हाती सात महिने आहेत. सूनबाईंना आशीर्वाद, चिमणीला गोड पापा.

तुझी,
आई

ता. क. – आमसुले आणि कुळथाचे पीठ तात्यांच्या धाकट्याबरोबर पाठवते आहे. येत्या शनिवारी मजूर येण्याआधी तू एकटा एकदा येऊन जा. ओळंबा मी खुंटीलाच टांगून ठेवला आहे, आणि भिंतीवर जिथे दीड बोट उरले तिथे कोळशाने खूण केली आहे.