आधी कुलूप लाव, वारस मग शोध

नाशिक, ९ ऑक्टोबर

प्रिय अविनाश,

रात्री उशिरा पाठवलेला तुझा मेल सकाळी वाचला. "मागणारा मिळालाय, रेपो त्याला देऊन टाकतो, सुटलो एकदाचा" हे वाचून कामात लक्ष लागेना. रेपो म्हणजे तुझ्या फॉन्ट कन्व्हर्टरच्या कोडचं अख्खं भांडार! मागणारा म्हणजे न सांगता पॅच, म्हणजे कोडातल्या दुरुस्त्या, पाठवणारा, कधीच न चिडणारा तो मुलगा, हेही तूच लिहिलंयस.

दिवाळी अंकांचे दिवस आले की तुझा शिमगा सुरू होतो, हे मला ठाऊक आहे. कृतिदेव या जुन्या फॉन्टातले लेख युनिकोड या आता सगळीकडे चालणाऱ्या अक्षरसंकेतात आणायला सगळे शेवटच्या क्षणी तुझ्या कन्व्हर्टरकडे धावतात. त्या फॉन्टात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते आणि रफार नंतर. युनिकोडात नेमकं उलट. मध्ये जोडाक्षर आलं की वेलांटी किती पुढे सरकवायची, हे तू शब्द तपासत तपासत बसवलंस. आणि पावती काय मिळाली? "'स्थिती'ची 'सि्थती' झालीय, अंक छापायला जायचाय, जमत नसेल तर बंद करा." छदाम न देता एवढा रुबाब!

मला वाटतं, शिवी तू पचवतोस. शिवी देणाऱ्याचा बग खरा असतो, ते मात्र तुला पचत नाही. म्हणून त्याच रात्री बसून तो दुरुस्त करतोस, मनातल्या मनात चरफडत. "थोडे दिवस ब्रेक घे" म्हणणाऱ्यांना परतल्यावर समोर येणारा इश्यूंचा, म्हणजे नोंदवलेल्या तक्रारींचा, ढीग दिसत नाही. देणगीचं बटण लावायला तू तयार नाहीस, तेही मला पटतं. पाचशे रुपये देणारा पाच हजारांचा हक्क सांगेल.

पण रेपो देऊन टाकण्याआधी एक्सझेड युटिल्सचं काय झालं ते आठव. फाइल दाबून लहान करणारं हे साधन लिनक्स या मोफत संगणकप्रणालीच्या बहुतेक सगळ्या प्रकारांत असतं. फिनलंडचा लासे कॉलिन ते वर्षानुवर्षं, जवळजवळ एकट्याने आणि बिनपगारी सांभाळत होता. २०२२मध्ये जिगर कुमार, डेनिस एन्स अशा नावांनी त्याच्यामागे लकडा लागला: काम रखडलंय, दुसरा मेंटेनर (कोड सांभाळणारा) नेमा. (जिगर कुमार! आपल्याकडचं नाव बघून मी चमकलोच होतो.) कॉलिनने उत्तरात आपल्या मानसिक आरोग्याच्या दीर्घकाळच्या त्रासाबद्दल लिहिलं, हे बिनपैशाचं छंदाचं काम आहे याचीही आठवण करून दिली. मदतीला जिया टॅन नावाचा कोणी होताच. तो नेमाने पॅच पाठवायचा. हळूहळू अधिकार त्याच्याकडे गेले आणि फेब्रुवारी २०२४च्या ५.६.० आवृत्तीत चोरदरवाजा, म्हणजे परक्याला गुपचूप आत शिरू देणारा कोड, बसला. एसएसएचने दूरच्या संगणकावर लॉगिन करायला अर्धा सेकंद जादा का लागतोय, हे पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणाऱ्या आंद्रेस फ्रॉइंडने खणून काढलं, म्हणून २९ मार्चला बिंग फुटलं. लकडा लावणारे आणि मदत करणारा एकाच टोळीतले असावेत, असाच बहुतेकांचा कयास आहे.

तुझा मुलगा तसला आहे असं मी म्हणत नाही. बहुधा गुणी पोरगा असेल. पण तू त्याला पारखून देत नाहीयेस, जीव सोडवायला देतोयस. आणि तुझ्या कन्व्हर्टरमधून लोकांचे अप्रकाशित लेख जातात.

त्यापेक्षा सरळ आर्काइव्ह कर. कोड वाचता येईल, उतरवून घेता येईल, हौस असेल तो फोर्क, म्हणजे स्वतःची वेगळी प्रत, काढेल; नवे इश्यू मात्र येणार नाहीत. पुन्हा वाटलं तर उघडताही येतं. एवढं टोकाला जायचं नसेल तर रेपो ठेवतात त्या गिटहबवर सहा महिन्यांची मर्यादा लाव, म्हणजे आधी कोडमध्ये भर घातलेल्यांनाच लिहिता येईल. लायसन्समध्ये "आहे तसं, कसलीही हमी नाही" असं लिहिलेलंच आहे की. छापखान्याच्या तारखा तू कुणाला दिल्या होत्यास?

त्या मुलाला मी लिहितो. तोवर त्याने स्वतःचा फोर्क चालवावा, लोकांच्या तक्रारी झेलाव्यात, मग दिवाळीनंतर तिघं बसून बोलू. "बंद का केलं?" विचारणाऱ्यांसाठी वर माझा पत्ता टाक. मी सोसायटीचा सचिव आहे, पाण्याच्या वेळेवरून रोज ऐकून घेतो. त्यात चार वेलांट्यांची भर पडली तर बिघडत नाही.

वहिनींना नमस्कार. उत्तर पाठव, पण दिवसा.

तुझा,
सुहास