मोगली एरंड मरत नाही, म्हणून तो पिकतोच असं नाही

मा. पेट्रोलियम व नैसर्गिक वायू मंत्री, भारत सरकार
यांस सविनय नमस्कार.

२०१८ च्या जैवइंधन धोरणाप्रमाणे २०३० पर्यंत डिझेलमध्ये ५ टक्के बायोडिझेल मिसळायचं आहे. पडीक जमिनीवर तेलबिया लावण्याचा विषय त्यामुळे पुन्हा निघेल, म्हणून हे पत्र.

नियोजन आयोगाच्या २००३ च्या अहवालात २० टक्के मिश्रणासाठी सुमारे १ कोटी १२ लाख हेक्टरवर मोगली एरंड (जट्रोफा) लावण्याचा हिशोब होता; त्याच्या बियांच्या तेलापासून बायोडिझेल करायचं होतं. त्याच भरात २००६ साली मीही दोन एकर मुरमाड रानात रोपं लावली. आमच्याकडे हे झाड पिढ्यान्‌पिढ्या कुंपणाला आहे. शेळी तोंड लावत नाही, पाऊस हुकला तरी मरत नाही. पण पाण्यावाचून तगणं वेगळं आणि बी धरणं वेगळं. माझी झाडं तगली. बी मात्र ओंजळीने मोजावं इतकं. शिवाय घोसातली फळं एकदम पिकत नाहीत, एकाच झाडाकडे चार-चार वेळा जावं लागतं. सुगीत एवढी मजुरी कोण देणार? पेंड विषारी, जनावरांना चालत नाही, खतालाच जाते.

आणि भाव? २००५ च्या खरेदी धोरणात बायोडिझेलला लिटरमागे २५ रुपये ठरले होते. एका लिटरला तीन-साडेतीन किलो बी लागतं. वेचणी, सोलणी, वाहतूक, घाणा वजा करा, साहेब.

दुसरं, कागदावरचं पडीक आमच्या माण तालुक्यात रिकामं नसतं. दिवाळीनंतर कोकणात उतरणारे धनगर पावसाळ्यात त्याच माळावर मेंढरं चारतात. तिथे मेंढरू न खाणारं झाड लावलं, तर त्यांनी जायचं कुठे? गायरानाला ग्रामसभेच्या संमतीशिवाय हात लावू नका.

करंजाचा विचार मात्र जरूर करा. आपल्याच मातीतलं झाड, शेंगवर्गीय, बियांत चांगलं तेल. बांधावर, ओढ्याकाठी ते उभं राहतं, पीक मोडावं लागत नाही. फळायला पाच-सात वर्षं जातात. तेवढा काळ जोपासनेचा खर्च शासनाने उचलावा.

आधी बरड रानात, पाणी न देता, प्रयोग घ्या आणि हेक्टरी किती बी मिळालं ते जाहीर करा. रोपं वाटाल त्याच दिवशी बी कोण घेणार, कुठे घेणार आणि किलोला काय भावाने, हे आम्हाला लिहून द्या.

आपला,
माण तालुक्यातील एक कोरडवाहू शेतकरी