ऑनलाइन बी.कॉम. म्हणजे डुप्लिकेट डिग्री नव्हे

संपादक साहेब, नमस्कार,

मी इचलकरंजीत एका टॅक्स कन्सल्टंटकडे कामाला आहे, दिवसभर पार्ट्यांची बिलं टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकायची आणि रात्री पोरं झोपली की मोबाईलवर लेक्चर, असं करत तीन वर्षांत ऑनलाइन बी.कॉम. केलं. परवा एका ठिकाणी इंटरव्ह्यूला गेले तर साहेबांनी मार्कशीट उलटसुलट करून विचारलं, "ऑनलाइन का? मग रेग्युलर काय केलंय?"

अहो, यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, सप्टेंबर २०२२ मध्येच स्पष्ट सांगितलंय की मान्यता असलेल्या संस्थेची ऑनलाइन किंवा डिस्टन्सची पदवी रेग्युलर पदवीच्या बरोबरीची धरायची. अ‍ॅडमिशन घेण्याआधी मी यूजीसीच्या साइटवर युनिव्हर्सिटीचं नाव दोनदा बघितलं होतं, कारण एजंट लोक काहीही सांगतात.

आणि सोपं वगैरे काही नव्हतं हं. कॉस्टिंगचा पेपर नेमका २० तारखेला, म्हणजे जीएसटीचं दर महिन्याचं थ्रीबी रिटर्न भरायची शेवटची तारीख, त्यात कॅमेरा चालू ठेवून परीक्षा देताना लाइट गेली आणि नवऱ्यानं मोबाईलचा हॉटस्पॉट धरून दाराबाहेर अर्धा तास काढला, आत आला असता तर कॉपी धरली असती!

तक्रार करायचीच तर अभ्यासक्रमाची करा ना. घसाऱ्याच्या, म्हणजे यंत्रांची किंमत दरवर्षी कमी धरायच्या, दोन मुख्य पद्धती पीडीएफमध्ये होत्या, पण जीएसटीचं रिटर्न प्रत्यक्ष भरून कुणी दाखवलं नाही, ते मी ऑफिसात शिकले. पण रेग्युलरवाल्यांना तरी कुठे दाखवतात?

– एक वाचक, इचलकरंजी